धक्का जहाजाचा, घाव क्रेनवर

घारापुरीच्या बेटावरून पलीकडे नजर टाकली की नाव्हा-शेव्याच्या बंदरातल्या क्रेनची रांग दिसते. आजच्या मोठ्या कंटेनर क्रेनचं वजन हजार-दीड हजार टनांच्या घरात असतं. पुढचा हात वर उचलला की तिची उंची जवळपास चाळीस मजली इमारतीइतकी भरते. पावसाळ्यातले वादळी वारे ती उभ्याने सोसते आणि रोज शेकडो कंटेनर उचलते. अशी क्रेन एखाद्या जहाजाचा धक्का लागून काही क्षणांत जमीनदोस्त होते, हे ऐकून खरं वाटत नाही.

पण ते घडतं, आणि वरचेवर घडतं. ६ एप्रिल २०२० रोजी दक्षिण कोरियातल्या बुसानच्या नव्या बंदरात ‘मिलानो ब्रिज’ हे सुमारे ३६६ मीटर लांबीचं कंटेनर जहाज धक्क्याला लागण्यासाठी आत येत होतं. आत येतानाच ते धक्क्यावरच्या क्रेनला भिडलं. एक क्रेन पूर्ण कोसळली, शेजारच्या काही क्रेन निकामी झाल्या. भरदिवसा झालेल्या या अपघाताचं चित्रीकरण जगभर पाहिलं गेलं. त्यात जहाज पाहणाऱ्याला पहिल्यांदा वाटतं, अरे, हे तर किती हळू येतंय! सायकलवाला सहज गाठेल अशा वेगाने. मग एवढी क्रेन पडली कशी?

उत्तर तीन ठिकाणी विखुरलेलं आहे: क्रेनच्या बांधणीत, जहाजाच्या वजनात आणि अपघाताआधीच्या पंधरा-वीस मिनिटांत. शेवटचं ठिकाण सगळ्यात महत्त्वाचं.

क्रेन उभी कशी राहते?

कंटेनर उतरवण्यासाठी खास बांधलेली पहिली क्रेन १९५९ साली अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या अलमेडा इथे उभी राहिली. तेव्हापासून आकार कैकपट वाढला, पण घाट तोच राहिला. चार उंच पाय, त्यांच्यावर आडव्या तुळया, आणि वर समुद्राच्या दिशेने झेपावलेला एक लांब हात. या हाताला ‘बूम’ म्हणतात. बूमवरून एक ट्रॉली पुढेमागे धावते. तिच्याखाली चालकाची केबिन आणि कंटेनर पकडणारी चौकट लटकलेली असते. सगळ्यात रुंद जहाजांवर कंटेनरच्या २४ रांगा शेजारी शेजारी मावतात. पलीकडची शेवटची रांग गाठायची तर बूम पाण्यावर साठ मीटरच्याही पुढे जावा लागतो.

क्रेन जमिनीत रोवलेली नसते. धक्क्याच्या कडेला समांतर दोन रूळ असतात, त्यांवर ती चाकांनी उभी असते. मोठ्या क्रेनच्या प्रत्येक पायाखाली आठ-आठ चाकं असतात, म्हणजे एकूण बत्तीस. हवं तेव्हा तिला धक्क्यावर डावी-उजवीकडे सरकवता यावं म्हणून ही सोय. वादळाचा इशारा आला की तिला ठरलेल्या जागी नेऊन लोखंडी खुंट्या आणि साखळदंडांनी जखडतात. एरवी तिला जागेवर धरून ठेवतं ते तिचं स्वतःचं वजन आणि चाकांचे ब्रेक.

आता घरातलं एखादं उंच लाकडी स्टूल आठवा. त्यावर चढून आपण माळ्यावरचे डबे काढतो. जाडजूड माणूसही बिनधास्त उभा राहतो. पण कुणी स्टुलाच्या एका पायाला बाजूने लाथ मारली, तर स्टूल आणि माणूस दोघेही खाली येतात. स्टूल कमकुवत होतं असं नाही. त्याची ताकद वरून येणाऱ्या ओझ्यासाठी होती. क्रेनचंही तसंच आहे. तिच्या रचनेत वरचा भार आणि वाऱ्याचा जोर यांचा हिशेब असतो. एक लाख टनांच्या जहाजाने एखाद्या पायाला बाजूने रेटा द्यावा, हे त्या हिशेबात बसत नाही. बसवायचं ठरवलं तर क्रेन इतकी अवजड होईल की खालचा धक्काच तिला पेलणार नाही.

यात आणखी एक मेख आहे. क्रेनच्या पायांमधून ट्रक, ट्रेलर आणि खुद्द कंटेनर जायचे असतात. त्यामुळे खालच्या भागात तिरपे आधार घालता येत नाहीत. तिथे मोकळी कमान ठेवावी लागते. धक्क्याच्या लांबीच्या दिशेने क्रेनचे पाय एकमेकांपासून अवघ्या वीसेक मीटरवर असतात आणि त्यांच्यावर सत्तर-ऐंशी मीटर उंचीचा सांगाडा तोललेला असतो. जहाज धक्क्याजवळ येतं ते बहुतेक वेळा याच दिशेने, म्हणजे लांबीने, सरकत येतं. घाव बसतो तो नेमका क्रेनच्या अरुंद बाजूवर.

एकदा पाय वाकला की पुढचं काम गुरुत्वाकर्षण करतं. उभ्या खांबावर भार असताना तो जरा जरी वाकला, तरी त्याची भार पेलण्याची ताकद झपाट्याने घटते. त्याच्या वाट्याचं ओझं उरलेल्या तीन पायांवर जातं आणि त्यांना ते झेपत नाही. माथा कलला की बूमला वरून धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांचा ताणही बिघडतो. दीड हजार टन लोखंड पन्नास-साठ मीटरवरून खाली येताना जी ऊर्जा सुटते, ती जहाजाच्या धडकेतून आलेली नसते. ती क्रेनच्या उंचीतच साठलेली असते. जहाज फक्त पायाखालचा आधार काढून घेतं.

हळू येतं, पण थांबत नाही

मालाने अर्धवट भरलेलं मोठं कंटेनर जहाज एक लाख टन वजनाचं धरू. मुद्दाम गोल आकडा घेतोय, कारण हिशेब सोपा होतो.

धक्क्याच्या कडेला रबराची जाड गादीवजा तटबंदी असते. तिला ‘फेंडर’ म्हणतात. एवढ्या मोठ्या जहाजासाठी फेंडरचा आराखडा करताना जहाज सेकंदाला साधारण दहा-पंधरा सेंटिमीटर वेगाने येऊन टेकेल असं गृहीत धरतात. मुंगीच्या चालीपेक्षा थोडा जास्त, एवढाच हा वेग. समजा तेच जहाज आपण रस्त्याने चालतो त्या वेगाने, म्हणजे सेकंदाला एक मीटर वेगाने आलं. वेग दहापट झाला. पण हालचालीतली ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते, म्हणून ती शंभरपट होते. फेंडर तिथेच हात टेकतो.

ही ऊर्जा किती, तर ४० टनांचे पाच ट्रक ताशी ८० किलोमीटर वेगाने एकाच वेळी आदळावेत एवढी. आणि जहाज ८ नॉटने, म्हणजे ताशी सुमारे १५ किलोमीटरने येत असेल, तर तो आकडा आणखी सतरापट होतो. किनाऱ्यावरून पाहणाऱ्याला मात्र ते ‘रेंगाळत’ येताना दिसतं. आकार मोठा असला की डोळा वेगाला फसतो. चारशे मीटर लांबीचं जहाज स्वतःच्या लांबीइतकं अंतर कापायला ८ नॉटनेही दीड मिनिट घेतं, म्हणून ते हळू वाटतं.

आणखी एक अडचण आहे. रस्त्यावर ब्रेक दाबला की चाक आणि डांबर यांच्यातलं घर्षण गाडी रोखतं. पाण्यात असं घर्षण जवळजवळ नाहीच. जहाज थांबवायचं तर त्याला ढकलणारा पाण्याखालचा पंखा उलटा फिरवायचा, टगबोटींनी मागे ओढायचं, आणि तरीही कित्येक जहाजलांब्यांचं अंतर हातात ठेवायचं. पंखा उलटा फिरू लागला की बऱ्याच जहाजांची शेपूट एका बाजूला ढळते. म्हणजे थांबवण्याचा प्रयत्न स्वतःच दिशा बिघडवू शकतो.

बाजू लागायच्या आत बाक लागतो

इथे एक शंका येईल. जहाज धक्क्याला घासलं तर आधी फेंडरला घासेल, क्रेन तर आत उभी आहे. मग ती सापडते कशी?

कंटेनर जहाजाचं नाक समोरून नीट पाहा. पाण्याजवळ ते धारदार आणि निमुळतं असतं, पण वर जाताना दोन्ही बाजूंनी बाहेर पसरत जातं. लाटा कापायला खालचा भाग अरुंद हवा आणि कंटेनर रचायला वरचा डेक रुंद हवा, म्हणून हा बाक. पाण्याच्या रेषेच्या तुलनेत वरची कड काही मीटर बाहेर झुकलेली असते. मागच्या बाजूलाही असाच फुगारा असतो.

क्रेनचा समुद्राकडचा रूळ धक्क्याच्या कडेपासून बहुधा तीन ते सात मीटरच आत असतो. त्याहून आत नेला तर बूम तेवढा लांब करावा लागतो, आणि मग खर्च वाढतो. जहाज धक्क्याला अगदी समांतर आलं तर त्याची सपाट बाजू फेंडरला टेकते आणि बाक हवेतच राहतो. पण कोन दहा-पंधरा अंशांचा झाला, तर खालचं अंग फेंडरला पोहोचायच्या आत वरचा बाक धक्क्यावरून आत घुसतो. तिथे पहिली भेट होते ती क्रेनच्या पायाशी.

जहाज रिकामं असेल तर धोका आणखी वाढतो. माल नसल्याने ते पाण्यातून कित्येक मीटर वर उचललेलं असतं, त्यामुळे बाकही तेवढाच उंच जातो. मग घाव पायाच्या तळाशी न बसता बराच वर बसतो आणि पाय वाकवायला जास्त लांब तरफ मिळते.

बूम खाली असेल तर वेगळाच प्रसंग ओढवतो. जहाजाचा उंच ब्रिज, म्हणजे ज्या मजल्यावरून कप्तान आणि बंदराचा वाटाड्या असलेला पायलट जहाज चालवतात तो, थेट बूमला अडकू शकतो. म्हणूनच जहाज येताना-जाताना त्या धक्क्यावरच्या सगळ्या क्रेनचे बूम वर उचलून ठेवण्याचा नियम असतो. पण शेजारच्या धक्क्यावर दुसऱ्या जहाजाचं काम चालू असतं आणि तिथले बूम खालीच असतात. भरकटलेलं जहाज आपली हद्द सोडून तिकडे गेलं की त्या क्रेन सापडतात. ३ जून २०२१ रोजी तैवानमधल्या काओशुंग बंदरात ‘ओओसीएल डर्बन’ हे जहाज आधी धक्क्याला बांधलेल्या दुसऱ्या जहाजाला घासलं, मग क्रेनला लागलं, आणि ती क्रेन पडताना शेजारच्या क्रेनलाही घेऊन गेली. सगळ्या क्रेन एकाच रुळावर ओळीने उभ्या असतात. एक ढकलली गेली की पुढचीला पळायला वाट नसते. १६ मार्च २०२४ रोजी तुर्कस्तानात इझमितच्या आखातातल्या एव्याप बंदरावर ‘वायएम विटनेस’ जहाजाच्या धडकेत तर तीन क्रेन आडव्या झाल्या.

सुकाणूला वेग हवा, धक्क्याला संथपणा

मग एवढं मोठं जहाज आधीपासून हळू का आणत नाहीत? इथे बंदरातल्या नौकानयनाचा जुना पेच आहे.

सुकाणू म्हणजे मागे पाण्यात उभं धरलेलं लोखंडी पान. त्याच्यावरून पाणी वाहत असेल तरच ते जहाज वळवू शकतं. पाणी वाहायचं तर जहाजाला वेग हवा, किंवा समोरच्या पंख्याने त्याच्यावर पाण्याचा झोत सोडायला हवा. वेग फार कमी केला की सुकाणू नुसतं लटकतं. वेग जास्त ठेवला तर जहाज आज्ञेत राहतं, पण धक्क्यापाशी थांबवता येत नाही. पायलटचं कसब या दोन टोकांमधली वाट धरण्यात आहे. जिथे सुकाणूची ताकद संपते, तिथून टगबोटी आणि जहाजाच्या नाकातला आडवा पंखा कामाला लागतात. पण या आडव्या पंख्याची मर्यादा अशी की जहाज चार-पाच नॉटच्या वर धावत असेल तर तो जवळजवळ निरुपयोगी ठरतो. वेगाने आलेल्या जहाजाचा हा आधारही गेलेला असतो.

वळतानाची गंमत वेगळीच. मोटार वळते तेव्हा मागची चाकं पुढच्या चाकांच्या आतून जातात. जहाजाचं उलट होतं. पुढे जाणारं जहाज नाकापासून साधारण पाव ते एक तृतीयांश अंतरावरच्या एका बिंदूभोवती फिरतं, आणि त्याची लांबलचक शेपूट बाहेरच्या बाजूला फेकली जाते. ३६६ मीटर जहाजात त्या बिंदूमागे अडीचशे मीटर जहाज उरतं. नाक सुरक्षित निघालं तरी शेपूट क्रेनच्या रांगेत जाऊ शकते.

बुसानची गोष्ट इथे येऊन जुळते. ‘मिलानो ब्रिज’ चीनमधल्या गोदीत दुरुस्ती उरकून येत होतं, जवळपास रिकामं. रिकाम्या जहाजाचं मागचं अंग पुरेसं बुडालेलं नसलं की पंख्याचा काही भाग पाण्याबाहेर येतो. तसंच झालं होतं. पंखा पाण्याऐवजी हवा मारू लागला की सुकाणूवरचा झोत क्षीण होतो, आणि उलटा फिरवून थांबवायची ताकदही. त्यात वेग नेहमीपेक्षा जास्त. चौकशीत हीच दोन कारणं ठळकपणे पुढे आली. ती वेगळी दिसतात, पण एकमेकांना धरून आहेत: सुकाणू ऐकत नाही म्हणून वेग हवासा वाटतो, आणि वेग असला की चूक सुधारायला वेळ उरत नाही.

रिकाम्या जहाजात टाक्यांमध्ये समुद्राचं पाणी भरून त्याला खाली बसवण्याची सोय असते. त्याला ‘बॅलास्ट’ म्हणतात. बंदरात शिरण्याआधी पंखा पूर्ण बुडेल इतकं बॅलास्ट घेणं हा साधा उपाय आहे. तो निर्णय बंदराच्या तोंडापासून कितीतरी मैल आधी घ्यावा लागतो.

वाऱ्याला सापडलेली भिंत

कंटेनर रचलेलं जहाज म्हणजे वाऱ्यापुढे उभी केलेली भिंत. सुमारे ३६० मीटर लांब आणि पाण्याच्या वर तीसेक मीटर उंच अशी भिंत धरली, तर तिचं क्षेत्रफळ दहा हजार चौरस मीटरच्या आसपास भरतं. ताशी ५४ किलोमीटरचा वारा तिच्यावर आडवा आदळला, तर तो साधारण १३५ टनांच्या जोराने जहाजाला ढकलतो. बंदरातली एक दणकट टगबोट पन्नास ते सत्तर टनांच्या जोराने ओढू शकते. म्हणजे फक्त वाऱ्याला तोंड द्यायला दोन-तीन टग पूर्ण ताकदीने लागतात. जहाज वळवायला आणि थांबवायला लागतील त्या वेगळ्या. वारा दुप्पट झाला तर जोर चौपट होतो, आणि मग टग मोजण्यात अर्थ राहत नाही.

धक्क्याला बांधलेलं जहाजही वाऱ्यापुढे सुरक्षित असतंच असं नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये बेल्जियममधल्या अँटवर्प बंदरात ‘एपीएल मेक्सिको सिटी’ या जहाजाचे दोर वादळी वाऱ्यात तुटले. जहाज वाहत गेलं आणि त्याने एक क्रेन पाडली. त्याच आठवड्यात बार्सिलोनाला ‘एक्सलंट’ नावाचं प्रवासी-फेरी जहाज वाऱ्यात आवरलं नाही. त्याने पाडलेली क्रेन कंटेनरच्या थप्पीवर पडली आणि तिथे आग लागली.

ब्रिजवरची माणसं

मोठ्या बंदरात शिरताना स्थानिक पायलट जहाजावर चढतो. पायलट म्हणजे त्या बंदराचं पाणी, गाळ, वळणं, प्रवाह यांची जाण असलेला मुरलेला दर्यावर्दी. तो सूचना देतो, पण जहाजाची अंतिम जबाबदारी कप्तानाचीच राहते. पायलट चढल्यावर दोघांनी मिळून आराखडा ठरवायचा असतो: वेग कुठे किती, वळण कुठून सुरू, कोणती टग कुठे, गडबड झाली तर काय.

हे नीट झालं नाही तर काय होतं, याचा नमुना ४ मे २०१७ रोजी दुबईच्या जेबेल अली बंदरात दिसला. ‘सीएमए सीजीएम सेंटॉरस’ हे ब्रिटनमध्ये नोंदलेलं मोठं कंटेनर जहाज पायलटसह वळण घेत असताना धक्क्याला आणि दोन क्रेनना धडकलं. एक क्रेन कोसळली, दहा जण जखमी झाले. ब्रिटिश सागरी अपघात तपास शाखेच्या चौकशीत दिसलं की वळण फार वेगात घेतलं गेलं. आणि वळण कसं घ्यायचं याचा एकमताचा आराखडाच पायलट आणि जहाजावरच्या मंडळींजवळ नव्हता. एकाच ब्रिजवर उभ्या असलेल्या माणसांच्या डोक्यात दोन वेगवेगळी वळणं होती. कुणाच्या डोक्यात काय आहे हे न कळल्याने चूक दिसूनही कुणी वेळेवर बोललं नाही, तर तिथे यंत्रं काही करू शकत नाहीत.

यंत्रही दगा देऊ शकतं. २६ मार्च २०२४ रोजी बाल्टिमोरमध्ये ‘डाली’ जहाजाची वीज गेली. ते पुलाच्या खांबावर गेलं, पूल कोसळला आणि सहा कामगार मरण पावले. तिथे क्रेनऐवजी पूल होता, पण गणित तेच: लाखभर टनांचं वस्तुमान, हाताबाहेर गेलेलं, आणि समोर बाजूचा मार सोसायला न बांधलेली रचना.

क्रेन पडल्यानंतर

अपघात संपला की सगळ्यात नाजूक काम सुरू होतं. कोसळलेल्या क्रेनचा सांगाडा अर्धा धक्क्यावर, अर्धा जहाजावर असा अडकून पडलेला असतो. वाकलेल्या तुळयांत ताण दाबून बसलेला असतो. चुकीच्या जागी गॅस कटर चालवला तर ती तुळई एकदम उसळते. म्हणून आधी कुठला तुकडा कशावर रेललाय याचा नकाशा करतात, तो दुसऱ्या क्रेनने तोलून धरतात, आणि मगच कापतात.

उभ्या राहिलेल्या शेजारच्या क्रेनची तपासणी जास्त किचकट असते. लांबून ती धडधाकट दिसते. जवळ गेलं की पायाच्या सांध्यापाशी रंगाला बारीक तिरक्या रेघा पडलेल्या दिसतात आणि नखाने खरवडलं की पापुद्रा निघतो. आतलं पोलाद ताणलं गेलं की वरचा रंग त्याच्यासोबत ताणत नाही, तडकतो. म्हणून या रेघा पहिला पुरावा ठरतात. तिथला रंग घासून काढतात, पोलादाला चुंबकीय करतात आणि लोखंडाची बारीक पूड शिंपडतात. जोडाला डोळ्याला न दिसणारी भेग असेल तर पूड तिच्यावर ओळीने गोळा होते. आतल्या भेगांसाठी ध्वनिलहरींची तपासणी करतात. पुढे रूळ सरळ आहेत का, रुळाखालची काँक्रीटची तुळई आणि खांब शाबूत आहेत का, चाकांच्या कडा रुळावर नीट बसतात का, बूमच्या बिजागरीच्या खिळा झिजल्या का, हे सगळं मोजतात. शेवटी नेमून दिलेल्या भारापेक्षा जास्त वजन उचलून चाचणी घेतात.

ही चाचणीही जोखमीची असते. १ ऑगस्ट २०२० रोजी विशाखापट्टणमच्या हिंदुस्थान शिपयार्डमध्ये चाचणीच्या वेळी क्रेन कोसळली आणि अकरा जणांनी प्राण गमावले. तिथे जहाजाचा काही संबंध नव्हता. नवी किंवा दुरुस्त क्रेन पहिल्यांदा भार घेते तेव्हा तिच्याखाली आणि आसपास माणूस असता कामा नये, हा धडा मात्र सगळ्या गोद्यांना सारखाच लागू होतो.

गेलेल्या क्रेनच्या जागी नवी आणायची तर बाजारातून उचलून आणता येत नाही. जगातल्या बहुतेक क्रेन चीनमध्ये बनतात आणि पूर्ण उभ्या अवस्थेतच खास जहाजांवर लादून आणल्या जातात. मागणी नोंदवण्यापासून कामाला लागेपर्यंत वर्ष-दीड वर्ष सहज जातं. तोपर्यंत त्या धक्क्यावर जहाज रिकामं करायला जास्त वेळ लागतो, रांग वाढते, काही जहाजं दुसऱ्या बंदराकडे वळतात. नाशिकची द्राक्षं असोत की पुण्याच्या कारखान्याचे सुटे भाग, बंदरावरची एक क्रेन गेली की तिचा ताण आतल्या गावांपर्यंत पोहोचतो.

भरपाई कोण देतं?

जहाजमालक एकमेकांचा विमा उतरवणाऱ्या मंडळांचे सभासद असतात. त्यांना ‘पी अँड आय क्लब’ म्हणतात. धक्का, क्रेन, पूल अशा स्थिर वस्तूंना जहाजाने केलेल्या नुकसानीचा दावा बहुधा या क्लबकडे जातो. आंतरराष्ट्रीय करारांनुसार जहाजमालकाला आपली देणी जहाजाच्या टनेजवर ठरणाऱ्या एका मर्यादेत राखता येतात. क्रेन तीन पडल्या, बंदर महिनाभर अडलं, तरी मर्यादा टनेजवरच मोजली जाते. त्यामुळे बंदराला स्वतःचा विमाही ठेवावा लागतो.

जहाज निघून गेलं तर वसुली कठीण, म्हणून जहाजालाच अटकाव करण्याची कायदेशीर सोय असते. भारतात २०१७ च्या अ‍ॅडमिरल्टी कायद्याने हे अधिकार किनारी राज्यांच्या उच्च न्यायालयांना दिले आहेत. मुंबई उच्च न्यायालयाला ते इंग्रजांच्या काळापासून होतेच. पुरेशी हमी जमा झाली की जहाज सोडून देतात आणि दावा पुढे चालतो.

> थोडक्यात
> - क्रेन वरचा भार आणि वारा सोसायला बांधलेली असते. पायावर बाजूने बसलेला मार तिच्या हिशेबात नसतो.
> - वेग दहापट झाला की धडकेची ऊर्जा शंभरपट होते. फेंडरचा आराखडा सेकंदाला काही सेंटिमीटर वेगासाठी असतो.
> - जहाजाचं वरचं अंग बाहेर झुकलेलं असल्याने तिरकं आलेलं जहाज फेंडरआधी क्रेनला भिडू शकतं.
> - रिकामं जहाज, अर्धा उघडा पंखा आणि जास्त वेग हे एकत्र आले की सुकाणू साथ सोडतं.
> - आडवा वारा शंभर टनांच्या पुढे जोर लावू शकतो. टगची संख्या त्यावरून ठरवायला हवी.
> - पायलट आणि कप्तान यांच्यात आधी ठरलेला आराखडा हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

मजबूत क्रेन की शहाणं बंदर?

या सगळ्यावर पहिला सुचणारा उपाय म्हणजे क्रेन आणखी भक्कम करणं. वर पाहिलं तसं ते परवडत नाही आणि उपयोगीही पडत नाही. लाख टनांपुढे पोलाद कितीही जाड केलं तरी अपुरंच. खरे उपाय धक्क्याच्या बरेच आधी आहेत. ठरावीक वाऱ्यापलीकडे जहाज आत न घेणं. रिकाम्या जहाजाचा पंखा बुडालेला आहे की नाही हे पायलटने चढतानाच तपासणं. खाडीच्या प्रत्येक टप्प्याला वेगाची मर्यादा. पायलटांना सिम्युलेटरवर नेमकं आपल्याच बंदरातलं वळण, जोरदार वारा आणि मधेच बंद पडलेलं इंजिन घेऊन सराव देणं. जहाज येताना क्रेन धक्क्याच्या टोकांपासून आत सरकवणं, बूम उचलणं, आणि केबिनमध्ये कुणी नाही याची खात्री करणं. चालकाची केबिन चाळीस मीटरच्या वर असते. धोका दिसल्यावर खाली उतरायला लागणारी मिनिटं जहाज त्याला देत नाही.

आपल्याकडे हा प्रश्न लवकरच मोठा होणार आहे. ९ जून २०२५ रोजी केरळातल्या विळिंजम बंदरात ‘एमएससी इरिना’ हे सुमारे ४०० मीटर लांब, ६१ मीटर रुंद, २४ हजारांवर कंटेनर मावणारं जहाज लागलं. अशाच आकाराची जहाजं डहाणूजवळच्या वाढवण बंदरात यावीत, असा बेत आहे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी त्याची पायाभरणी झाली. तिथे प्रत्येकी एक हजार मीटरचे नऊ कंटेनर टर्मिनल होणार आहेत. वाढवणला खाडीचा आडोसा नाही, बंदर थेट खुल्या समुद्रात उभं राहायचं आहे. तिथे किती खोली असेल आणि किती कंटेनर उतरतील, हे आकडे आपण वर्तमानपत्रांत वाचतोच. त्यांच्या शेजारी आणखी तीन आकडे छापून यायला हवेत: किती टगबोटी आणि प्रत्येकीचा जोर किती, किती वाऱ्यानंतर दार बंद, आणि पायलटांच्या सरावासाठी किती तास. क्रेन उभी राहणार की पडणार, हे बरंचसं या तीन आकड्यांवर ठरतं.